तासाभरात येते

युनिव्हर्सिटेटचं स्टेशन मागे पडलं, स्टुटगार्टची एस-बान लोकल लांब बोगद्यात शिरली आणि कशासाठी तरी एकदम ब्रेक लागला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने अहिल्याच्या कोटाची बाही धरली. एवढंच झालं. माणूस तोल जाताना जे हाताला लागेल ते धरतो, त्याने बाही धरली. आणि अहिल्याने हात हिसडून काढून घेतला. विचार करून नाही. हात तिचा होता, पण तिला विचारून हलला नव्हता. म्हातारा दांडीवर आदळला, त्याचं कोपर लागलं, आणि वर तोच म्हणाला, "एन्टशुल्डिगुंग." माफ करा. समोरच्या मुलीने कानातलं एक बटण काढून अहिल्याकडे पाहिलं. अहिल्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर तो दाराकडे सरकला होता, कोपर चोळत, पाठ फिरवून. श्वाबस्ट्रासेला ती त्याच्या मागोमाग उतरली आणि जिन्याशी थांबून राहिली. तो वर जाऊन दिसेनासा झाला तरी ती थांबूनच होती. मग घराकडच्या दगडी पायऱ्या चढताना मध्येच तिला दम लागला. रोजच्याच पायऱ्या. बाहीच्या आत, मनगटाच्या थोडं वर, बोटांची पकड अजून तशीच होती, आणि ती या म्हाताऱ्याची नव्हती.

घरी प्रद्युम्न लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरातच बसला होता. "आल्झो, बुक झालं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत, फाशिंगच्या सुट्टीत चार दिवस. हिंटरआख." आतल्या खोलीतून ईप्सिता ओरडली, "एन्टलिश!" एकदाचं. पंधरा वर्षांची ईप्सिता आईबापांचं सगळं मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमधून द्यायची. तिच्या वर्गातली सगळी मुलं दर हिवाळ्यात डोंगरात जात होती. सहा वर्षं तीच तेवढी जात नव्हती, आणि का जात नाही हे तिला माहीत असल्यामुळे तिने कधी हट्ट केला नव्हता.

"तिथेच का?" अहिल्याने विचारलं. कोट अजून अंगातच होता.

"सहा वर्षं झाली, अहिल्या. किती टाळायचं? आप्पा स्वतःच्या पायांनी शेवटचे चालले ते तिथे. मला एकदा ते चर्च आतून बघायचंय. तेव्हा नुसती धावपळच झाली." मग तो हसला, हल्ली आप्पांच्या आठवणीने हसायचा तसा, दुःख जुनं झाल्यावर माणूस हसतो तसा. "हट्टी माणूस. बसायला सांगितलं तर उठणार, उठायला सांगितलं तर बसणार."

"हं," अहिल्या म्हणाली. तो 'हं' सहा वर्षांचा होता. प्रद्युम्नने आप्पांना हट्टी म्हटलं की ती दर वेळी तेवढंच म्हणायची, आणि दर वेळी आप्पा थोडे आणखी हट्टी व्हायचे. आता तर नातेवाइकांत त्यांच्या हट्टीपणाचे जुने किस्से निघत होते, तेही बहुतेक खरे नसावेत. मेलेल्या माणसाचा स्वभाव तिच्या एका अक्षराने बदलत चालला होता.

आप्पा हट्टी नव्हते. विष्णू हे तिच्या या सासऱ्यांचं नाव. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका फाउंड्रीत ते लाकडी पॅटर्न करायचे. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडात घडवायचा, मग मातीत त्याचा ठसा घ्यायचा, असं ते काम. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगबरहुकूम लाकूड तासलं. सांगितलेल्या मापापासून सूतभर इकडेतिकडे जाणं हे त्यांच्या हातात नव्हतं. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या वर्षी प्रद्युम्नने त्यांना तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला आणलं. तेव्हा ते विसरायला लागलेच होते. दुपारी झोपून उठले की कुठल्या घरात आहोत हे त्यांना दोन-तीन मिनिटं कळत नसे, आणि ती दोन-तीन मिनिटं ते कुणालाही कळू न देता पलंगाच्या काठावर हात ठेवून लाकूड चाचपत बसत. प्रद्युम्नच्या हे लक्षात आलं नव्हतं. अहिल्याच्या आलं होतं. दिवसभर घरून काम करत ती त्यांच्यासोबत असायची. तिला माहीत होतं, हीच तर गोष्ट होती.

हिंटरआखला जाताना या वेळी रस्ताभर हिरवं होतं. आल्गॉयमध्ये शिरल्यावर डोंगर दिसायला लागले ते तपकिरी, ओले, आणि त्यांच्या अंगावरून एकच पांढरा पट्टा खाली आलेला, रात्री तोफांनी उडवलेल्या कृत्रिम बर्फाचा. जखमेवर बांधलेल्या पट्टीसारखा. ईप्सिता खिडकीला नाक लावून जर्मनमधून कुरकुरत होती. प्रद्युम्न प्रत्येक वाडीपाशी गाडी हळू करत होता, कारण प्रत्येक वाडीला एक चर्च होतं: कांद्यासारखा घुमट, पांढऱ्या भिंती, भोवती लोखंडी क्रूसांची स्मशानभूमी. चाळीस घरांच्या गावाला चारशे वर्षांचं चर्च. "आप्पांना दाखवत आणलं होतं आपण, आठवतं?" तो म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी उतरायचे. बाकांवर हात फिरवायचे." अहिल्याला आठवत होतं. अशाच एका चर्चमध्ये बाकाच्या कडेची कोरलेली वेल बोटाने उलटसुलट तपासून आप्पा म्हणाले होते, "हा गडी डावरा हुता, बघ. पटाशी हिकडनं गेलीया." चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराचा डावा हात त्यांनी ओळखला होता, आणि नंतर गाडीत बसताना त्यांनीच अहिल्याला विचारलं होतं, "आपण कुणाच्या गावाला चाललोय?"

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सुट्टीतली ती पाचवी दुपार होती. चार दिवस प्रद्युम्न आणि नऊ वर्षांची ईप्सिता सकाळीच स्की घेऊन वर जात होते आणि अहिल्या सुट्टीपुरत्या भाड्याने घेतलेल्या फेरिएनवोनुंगमध्ये कुकर लावत होती. कुणी तिला राहायला सांगितलं नव्हतं, आणि कुणी "आज तू जा" असंही म्हटलं नव्हतं. खिडकीतून लिफ्टचे पाळणे वर जाताना दिसायचे. अहिल्या चौतिसाव्या वर्षी स्की शिकली होती, लहान मुलांच्या वर्गात, पडत, हसं करून घेत. लग्न, नोकरी, भाषा, परमिट हे सगळं तिच्या वाट्याला कुणाच्या तरी मागून आलं होतं; हे एकच तिने आपणहून घेतलं होतं. उतारावर पहिलं वळण घेताना पोटात जे हलकं व्हायचं त्याला तिच्याकडे मराठीत शब्द नव्हता आणि तो नव्हता हेच बरं वाटायचं. त्या दुपारी आभाळ इतकं निळं होतं की भांडी घासताना तिला रडू आलं. दोन वाजता तिने आप्पांना स्वेटर, कोट, टोपी घातली आणि गावाच्या टोकाच्या चर्चमध्ये नेलं. आत कुणी नव्हतं. पुढून दुसऱ्या बाकावर त्यांना बसवलं. "आप्पा, मी तासाभरात येते. इथून हलू नका."

"एकटाच व्हय मी?" त्यांनी विचारलं. आणि तिच्या जॅकेटची बाही धरली. भीतीने नव्हे, तासायचं लाकूड पक्कं धरावं तशी धरली. तिने ती सोडवली. एक-एक बोट उचलून नाही, ओढून. "तासाभरातच येते म्हटलं ना!" चर्चमध्ये तिचा आवाज मोठा झाला.

तासाभरात तिच्या दोन फेऱ्या झाल्या. तीन वाजता ती खाली होती. तिथून चर्चचा घुमट दिसत होता. दहा मिनिटांची वाट. ती पुन्हा पाळण्यात बसली. वर पोचल्यावर ती उतारावर गेलीच नाही. लाकडी हॉटेलाच्या भिंतीला टेकून उन्हात बसली, कॉफी मागवली, डोळे मिटले. किती वेळ ते तिला नंतर चांगलं मोजता आलं, पण तेव्हा तिने मुद्दाम मोजलं नाही. त्या मिटल्या डोळ्यांमागे आप्पा होते. ती त्यांना विसरली असती तर निराळं होतं. ते समोर बसलेले होते, दुसऱ्या बाकावर, आणि ती त्यांना म्हणत होती, आणखी थोडं बसा. आणखी पाच मिनिटं. मला एक पाच मिनिटं कुणाचीही कुणी नसू द्या.

साडेचारला ती चर्चपाशी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. तिने घर पाहिलं, दुकान पाहिलं, बेकरी पाहिली, आणि प्रद्युम्नला फोन केला तो पाच वाजून गेल्यावर. त्यातली वीस मिनिटं शोधण्यात गेली नव्हती, काय सांगायचं हे ठरवण्यात गेली होती. सव्वासहाला, अंधार पडल्यावर, ओढ्यापलीकडच्या गवताच्या कोठारापाशी दोघा जणांना आप्पा सापडले. लिफ्टच्या दिशेने निघाले होते आणि फाटा चुकले होते. एका पायात बूट नव्हता. "त्यांनाच बसायचं होतं," अहिल्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये म्हणाली. "मी बसतो, तू जा म्हणाले. आणि वर लिफ्ट बंद पडली, म्हणून उशीर झाला." वाक्यं तयार होती, चुका न होता बाहेर आली. प्रद्युम्नने तिला जवळ घेतलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, मग न्यूमोनिया, मग व्हीलचेअरवरून विमानाने कोल्हापूर. प्रद्युम्नची थोरली बहीण ऊर्मिलाताई त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. ऑगस्टमध्ये आप्पा गेले. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "माझंच चुकलं. मी हाललो." त्यांना काय आठवत होतं आणि ते काय झाकत होते, हे अहिल्याला आजतागायत कळलं नव्हतं. त्यांनी झाकलं असेल तर ते भयंकर होतं, आणि त्यांना खरंच तसं वाटत असेल तर आणखी भयंकर.

हिंटरआखला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ईप्सिता एकटीच वर गेली आणि जेवणानंतर प्रद्युम्न म्हणाला, "चल." अहिल्या निघाली. चर्चचं दार उघडं होतं. आत तीच थंडी, दगडाची आणि जुन्या मेणाची. डाव्या भिंतीवर हातभर उंचीच्या लाकडी पाट्या टांगलेल्या होत्या, नवसाच्या. मागच्या खेपेला तिने त्या पाहिल्या नव्हत्या. बर्फाच्या लोंढ्याखाली माणूस, वर ढगात मेरी, ओढ्यात पडलेलं पोर, पेटलेला गोठा, खाली जुन्या वळणाच्या अक्षरांत साल. सगळे वाचलेले. जे वाचले त्यांचीच चित्रं काढतात, तिच्या मनात आलं. प्रद्युम्न बाकांच्या मधून चालत गेला. "कुठे बसले होते?" त्याने विचारलं. तिने बोट दाखवलं. तो जाऊन बरोबर तिथे बसला, आणि पाठमोरा, टक्कल पडू लागलेला, खांदे जरासे पुढे काढलेला तो इतका आप्पांसारखा दिसला की तिने खांबाला हात लावला.

वेदीमागून एक बाई बादली घेऊन आली. सत्तरीची असेल, ॲप्रन, जाड लोकरी मोजे, कमरेला किल्ल्या. झाडलोट आणि मेणबत्त्या पाहणारी. "ग्रूस गॉट," असा तिने नमस्कार केला. प्रद्युम्न उठला. आपण पाहुणे म्हणून आलो नाही असं काहीतरी त्याला सांगावंसं वाटलं असावं. त्याच्या सरळ, व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये तो म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी माझे वडील इथे बसले होते. भारतातून आलेले. मग ते थंडीत हरवले. तुम्हाला कदाचित आठवत असेल."

बाईने बादली खाली ठेवली. पाणी जरा सांडलं, तिने तिकडे पाहिलंही नाही. "टोपी करड्या रंगाची," ती म्हणाली.

"हो."

"मी त्यांना बाहेर काढलं." ती बाकाच्या कडेला धरून बसली. "आदल्या वर्षी मेणबत्त्यांचे स्टँड चोरीला गेले होते, तेव्हापासून हिवाळ्यात चारला कुलूप लावतो. घरी गायी होत्या, धारेची वेळ झाली होती. मी त्यांना घड्याळ दाखवलं. ते म्हणाले, टॉख्टर, टॉख्टर. मुलगी येतेय. मी म्हटलं, मग बाहेर थांबा, येईलच. त्यांना दंडाला धरून उठवलं. ते पुन्हा बसले. दोनदा बसले. मग मी दाराबाहेर नेलं आणि कुलूप लावलं." तिने ॲप्रनला हात पुसले, जे ओले नव्हते. "दुसऱ्या दिवशी गावात कळलं. पोलीस माझ्याकडे आले नाहीत. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी रोज हे दार बंद करते, साहेब. रोज."

प्रद्युम्न तिच्या शेजारी बसला. अहिल्याला तो तेव्हा फार चांगला माणूस वाटला आणि त्या चांगुलपणाची भीती वाटली. "तुमची काही चूक नाही," तो म्हणत होता. "तुम्हाला काय माहीत. माझे वडील हट्टी होते. त्यांनी घरी जायला हवं होतं, घर जवळच होतं."

"हट्टी?" बाईने मान वर केली. "नाही हो. हट्टी माणूस भांडतो. ते बाकाकडे बोट करून काहीतरी सांगत होते, पुन्हा पुन्हा. इथेच बसायला सांगितलंय असं. भाषा कळली नाही तरी तेवढं कळतं ना." मग ती एकदम रडायला लागली, म्हातारी माणसं रडतात तशी, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. "तुम्ही मला माफ करता का? मी कुणाला विचारणार होते, मला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

"नक्की," प्रद्युम्न म्हणाला. "आमच्या सगळ्यांच्या वतीने. हो ना, अहिल्या?"

तो तिच्याकडे पाहत होता, बाई तिच्याकडे पाहत होती. 'हं' म्हणायचं होतं. तेवढंच. ते अक्षर ओठांमागे तयार होतं, सहा वर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेलं. ते उच्चारलं की ही बाई आज माफी घेऊन घरी जाईल, सुखाने झोपेल, आणि सगळं मिटेल. पण ती माफी अहिल्याच्या चुकीची असेल, दुसऱ्या बाईच्या नावावर दिलेली. सहा वर्षं आपण हे एकटीने वाहतोय असं तिला वाटत होतं, आणि त्या एकटेपणाचा तिला कुठेतरी थोडा गर्वही होता, हे तिला आत्ता कळलं. एकटी नव्हती ती. अर्धं ओझं तिने एका अनोळखी बाईच्या डोक्यावर ठेवून दिलं होतं, न विचारता.

"मी त्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे बाईला आधी कळेल. "हलू नका, असं. त्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला होता. मी तासाभरात येते म्हणाले आणि मी अडीच तासांनी आले."

"लिफ्ट बंद पडली होती," प्रद्युम्न मराठीत म्हणाला. तिला मदत करत असल्यासारखा.

"नव्हती पडली."

त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. एखादं ड्रॉइंग दुसऱ्यांदा बघताना पहिल्या खेपेला न दिसलेली रेघ दिसावी, तसा तो तिच्याकडे बघत राहिला. बाईनेच विचारलं, "तुम्ही किती वाजता आलात?"

"साडेचारला."

"अर्धा तास," बाई म्हणाली. ती रागावली नाही, तिने माफही केलं नाही. ती उठली, बादली उचलली, आणि जाताना अहिल्याच्या दंडावर तिचा हात क्षणभर पडला, आधारासाठी की आणखी कशासाठी ते कळलं नाही. अहिल्याने हात काढून घेतला नाही.

प्रद्युम्न बाहेर निघून गेला. तिने त्याला क्रूसांच्या मधून, मग ओढ्याच्या वाटेने जाताना पाहिलं. तो परत आला तेव्हा ईप्सिता येऊन आंघोळ करून बसली होती, आणि आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत हे पाहून मुकाट नूडल्स उकळत होती. जेवताना तो म्हणाला, "वर काय करत होतीस?" मुलीसमोरच म्हणाला.

"उन्हात बसले होते."

"एवढा वेळ?"

"हो. कॉफी घेतली. आप्पा आठवत होते, तरी बसले." ईप्सिताच्या हातातला काटा थांबला. मग तिलाही सगळं सांगावं लागलं, पहिल्यापासून, आणि अहिल्याने सांगितलं. ईप्सिता ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "उन्ट दू हास्ट गेलोगन." आणि तू खोटं बोललीस. अहिल्या म्हणाली, "हो."

सकाळी प्रद्युम्नने कपड्यांची बॅग भरली, चार दिवसांपैकी दोनच झाले असताना. चेन लावताना, तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "मी गेलो असतो तर तुला एक दुपार मिळाली असती. ते मला तेव्हा सुचलं नाही. पण ते वेगळं. त्याने याची भरपाई होत नाही."

"नाही होत."

"सहा वर्षं मी लोकांना त्यांच्या हट्टाच्या गोष्टी सांगितल्यात, अहिल्या. हसून." त्याने बॅग उचलून दाराशी ठेवली. मग तो म्हणाला, "ताईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

नऊ वाजले होते. कोल्हापुरात दुपारचा दीड. ती बाल्कनीत गेली. समोर तो पांढरा पट्टा उन्हात वितळायला लागला होता आणि त्यावरून लहान लहान माणसं खाली येत होती. फोन दोनदा वाजला. "बोल गं अहिल्या," ऊर्मिलाताई म्हणाल्या, मागे कुणीतरी ताटं उचलत होतं. "आज कशी आठवण झाली?"

"ताई, जरा बसता का? आप्पांबद्दल सांगायचंय." आणि तिने सांगितलं. बाही, तास, ऊन, लिफ्ट. कुठलंही वाक्य तयार नव्हतं. मध्येच अडखळलं, मागेपुढे झालं, दोनदा चुकीची वेळ सांगून दुरुस्त केली. ताटांचा आवाज बंद झाला होता. सांगून संपल्यावर फोन कट झालाय का म्हणून तिने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"मी त्यांना रोज बोलायचे गं," ताई म्हणाल्या. आवाज अगदी खालचा. "पाय ड्रेसिंगला घेतला की रोज. कुणी सांगितलं होतं उठायला? एका जागी बसवत नव्हतं तुम्हाला? शेवटच्या आठवड्यातसुद्धा. ते म्हणायचे, बसलो हुतो गं, लई येळ बसलो हुतो. आणि मी म्हणायचे, खोटं बोलू नका."

अहिल्याला वाटलं आता त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्या रडत होत्या, आणि मग शिव्या देत होत्या, तिला, तिच्या देशाला, तिच्या त्या बर्फाला, आणि मग पुन्हा रडत होत्या. अहिल्या कठड्याला टेकून फोन कानाशी घट्ट धरून उभी होती. प्रद्युम्न खाली गाडीत बॅगा ठेवून वर आला, दारात थांबला, आणि तिचं अजून चाललंय हे पाहून परत आत जाऊन खुर्चीवर बसला, कोट न काढता. ताई म्हणतील तितका वेळ ती ऐकणार होती.